गोड लघवीचे उंदीर आणि आमच्या माहेरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप

दांडियाबाजारवाली | शुक्रवार, रात्री १०:४०

परवा आमच्या माहेरच्या ग्रुपवर मामांनी एक फॉरवर्ड टाकला. वर ठळक अक्षरांत 'मधुमेहाने पुरुषत्व नष्ट होते, शास्त्रज्ञांचा शोध', मध्ये एका पांढऱ्या उंदराचा फोटो आणि खाली कुठल्याशा चूर्णवाल्याचा नंबर. मामांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना सकाळी सहाला उठून काहीतरी पाठवायचंच असतं. पण त्याच ग्रुपवर माझा भाचा आहे. वय ३१, लग्नाला दोन वर्षं, आणि गेल्याच महिन्यात त्याला साखर निघाली. त्याने त्या फॉरवर्डला नुसता अंगठा दिला. त्या अंगठ्यापायी मी दोन रात्री नीट झोपलेली नाही.

कारण तो उंदीर माझ्या ओळखीचा आहे.

नव्वदच्या दशकात मी बडोद्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रोजेक्टवर होते. नाव विचारू नका. रोज सायकलवरून विश्वामित्रीचा पूल ओलांडायचा (मगर दिसली तर दिवस चांगला), नऊच्या आत अ‍ॅनिमल हाऊसमध्ये. आमचा विषय हाच, मधुमेही नर उंदरांची संप्रेरकं (हॉर्मोन्स) आणि प्रजननक्षमता. तिथे मधुमेही पिंजरे चिठ्ठी न वाचता ओळखू यायचे, कारण ते ओले असत. धडधाकट उंदीर दिवसाला २५-३० मिली पाणी पितो, मधुमेही उंदीर १०० च्या वर जातो, आणि ते सगळं खाली भाताच्या तुसात. पिंजरे धुणारे काका रोज कुरकुरायचे, "बेन, आ पांजरां तो रोज भीनां थाय छे." ट्रेखाली मुंग्यांची रांग. प्रमेह्याच्या लघवीला मुंग्या लागतात हे चरकसंहितेत आहे, ते मी पुस्तकाआधी त्या ट्रेखाली वाचलं.

आता हे उंदीर मधुमेही होतात कसे? बहुतेक ठिकाणी ते जन्मतः तसे नसतात, त्यांना तसं केलं जातं. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं औषध आहे. स्ट्रेप्टोमायसीस जातीच्या मातीतल्या एका जंतूपासून ते मिळालं, मुळात अँटिबायोटिक म्हणून. १९६३ साली लक्षात आलं की त्याने कुत्र्यांना आणि उंदरांना मधुमेह होतो. त्याच्या रेणूला ग्लुकोजचा तुकडा जोडलेला असतो, त्यामुळे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी त्याला पाहुणा समजून दार उघडतात आणि तो आत जाऊन डीएनएची मोडतोड करतो. बीटा पेशी मेल्या की इन्शुलिन संपलं.

देताना फार घाई असते. पूड ४.५ पीएचच्या थंडगार सायट्रेट बफरमध्ये विरघळवायची आणि लगेच टोचायची, रेंगाळलात तर औषध बाटलीतच नासतं. २००-२५० ग्रॅमचा विस्टार जातीचा नर, किलोमागे ५०-६० मिलिग्रॅम, पोटात एकच इंजेक्शन. तीन दिवसांनी शेपटीतून थेंबभर रक्त, साखर २५० च्या वर असेल तर तो मधुमेही गटात. मग पिक्रिक अ‍ॅसिडचा पिवळा ठिपका: कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या शेपटीवर. आमच्याकडे उंदरांना नावं नसत, ठिपके असत.

म्हणजे त्या फॉरवर्डमधल्या उंदराचं इन्शुलिन एका दिवसात, जवळजवळ मुळापासून गेलेलं आहे. माझ्या भाच्याला टाइप २ आहे, पोट सुटलंय, आणि इन्शुलिन आहे पण त्याचं कुणी ऐकत नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत. तरी उंदरात जे दिसतं ते खोटं नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घसरतं, शुक्रजंतू कमी होतात, जे उरतात ते नीट पोहत नाहीत, मादीकडे फिरकणंही कमी होतं. मला लिहायचंय ते हे का होतं आणि परत फिरतं का, त्याबद्दल. विचारा, आठवेल तसं सांगते.

---

काकडीची_कोशिंबीर | शुक्रवार, रात्री ११:१५

पिवळा ठिपका वाचून हसून हसून पुरेवाट. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

एक बाळबोध शंका. उंदराचे शुक्रजंतू मोजतात कसे? त्याला काय बाटली देतात?

---

दांडियाबाजारवाली | शुक्रवार, रात्री ११:३८

बाटली नाही हो. उंदीर सॅक्रिफाइस करतात. लॅबमध्ये हाच शब्द, मराठीत 'मारतात'. वृषणाला चिकटून अधिवृषण असतं, त्याच्या शेपटाकडच्या भागात तयार शुक्रजंतूंचा साठा असतो. तो तुकडा ३७ अंशाच्या सलाइनमध्ये बारीक चिरायचा की शुक्रजंतू आपण होऊन बाहेर येतात. थेंबभर घेऊन न्यूबॉअर चेंबरवर मोजायचे. रक्तपेशी मोजायची ती चौकटीची काच असते ना, तीच.

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी घाबरले होते. माणसाच्या शुक्रजंतूचं डोकं लंबगोल, उंदराच्याचं कोयत्यासारखं वाकडं. आणि लांबी! माणसाचा ५०-६० मायक्रॉन, उंदराचा १९० च्या आसपास. एवढ्याशा जिवाचा आपल्या तिप्पट. चांगल्या नमुन्यात चेंबरखाली जत्रा असते. मधुमेही उंदराच्या नमुन्यात जत्रा उठून गेल्यावरचं मैदान.

---

शंकासुर | शनिवार, सकाळी ८:०५

ताई, लेख आवडला, पण माझं नाव सार्थ करतो. उंदीर विष टोचल्याने आजारी आहे, वाळलाय, दिवसभर पाणी पितोय. अशा कुठल्याही उंदराचं टेस्टोस्टेरॉन घसरेल. यात मधुमेहाचा दोष किती आणि नुसत्या आजारपणाचा किती? तुम्ही हे वेगळं कसं काढलंत?

---

दांडियाबाजारवाली | शनिवार, दुपारी ३:२०

शंकासुर, तुम्ही आमच्या सरांचे कुणी लागता का? व्हायव्हात त्यांनी शब्दशः हेच विचारलं होतं. कणीक भिजवता भिजवता उत्तर जुळवत होते, म्हणून उशीर. जरा लांब आहे.

विषाचं आधी. स्ट्रेप्टोझोटोसिन थेट वृषणावर घाव घालत असेल का, हा संशय रास्त. त्याला उतारा म्हणून काही उंदरांना तेच औषध देऊन नंतर रोज इन्शुलिन टोचतात. औषध अंगात गेलेलंच आहे, फक्त साखर ताब्यात. या उंदरांत टेस्टोस्टेरॉन आणि शुक्रजंतू बऱ्याच अंशी सावरतात. म्हणजे मुख्य दोष विषाचा नाही, इन्शुलिन नसण्याचा. दुसरा पुरावा अकिता जातीच्या माईसचा (माईस म्हणजे छोटे उंदीर; मी नुसतं उंदीर म्हणते ते मोठे, रॅट). त्यांना काही टोचावं लागत नाही, इन्शुलिनच्या जनुकातच एक चूक असते आणि इन्शुलिनची घडी वाकडी पडते. दोन्हीकडून ती चूक आलेले नर वांझ असतात. त्यांनाही इन्शुलिन दिलं की वृषणं पुन्हा कामाला लागतात.

आता वाळण्याचं. यातली गंमत अशी की मधुमेही उंदीर उपाशी नसतो. तो दुप्पट खातो, तरी वाळतो. धान्य कोठारात आहे, पण किल्ली हरवलीय. मेंदूला कोठार दिसत नाही, त्याला एवढंच कळतं की इन्शुलिन नाही आणि चरबीतून येणारं लेप्टिन हे संप्रेरकही आटलंय. त्याच्या भाषेत याचा अर्थ दुष्काळ. आणि दुष्काळात लग्नकार्य काढायचं नसतं.

इथे साखळी सांगायला हवी. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस. तो ठराविक वेळाने जीएनआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, संथ धार नाही, ठोक्याठोक्याने. त्यावर पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन करायला लावतं, एफएसएच सर्टोली पेशींना, म्हणजे शुक्रजंतूंच्या दायांना, कामाला लावतं. नुसतं वृषण बिघडलं असतं तर पिट्युटरीने ओरडून ओरडून एलएच वाढवलं असतं. थायरॉइड मंदावलं की टीएसएच चढतं ना, तसं. पण मधुमेही उंदरात टेस्टोस्टेरॉन खाली जाऊनही एलएच चढत नाही, पुष्कळदा तेही उतरतं. म्हणजे वरून हुकूमच येत नाही. आमच्या आलेखात दोन्ही रेषा एकत्र खाली गेलेल्या पाहून सर म्हणाले होते, "कारकून झोपलाय की साहेब, ते आधी बघा."

साहेब झोपलेला असतो, हे नंतर पक्कं झालं. जीएनआरएचच्या पेशींना जागं करणारं किसपेप्टिन नावाचं एक प्रथिन आहे. त्याचं जनुक १९९६ मध्ये अमेरिकेत हर्शी गावी सापडलं आणि गावच्या प्रसिद्ध 'किसेस' चॉकलेटवरून त्याला नाव पडलं. मधुमेहाच्या धाग्यावर चॉकलेट, काय करणार. २००३ मध्ये कळलं की या प्रथिनाची खूण घेणारं ग्राहक (रिसेप्टर) बिघडलेलं असेल तर माणूस वयातच येत नाही. मधुमेही उंदरांच्या मेंदूत हे किसपेप्टिन कमी पडतं, आणि बाहेरून दिलं की एलएच आणि टेस्टोस्टेरॉन पुन्हा वर येतात. हा प्रयोग २००६ चा, तोवर मी लॅब सोडून संसाराला लागले होते. वाचून मात्र फार बरं वाटलं.

पण कारकूनही निर्दोष नाही बरं का. एलएचसारखं काम करणारं एचसीजी मधुमेही उंदराला टोचलं तरी त्याच्या लायडिग पेशी निरोगी उंदराइतक्या जोमाने उत्तर देत नाहीत. टेस्टोस्टेरॉनचा कच्चा माल म्हणजे कोलेस्टेरॉल; त्याला मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या वीजघराच्या) आतल्या पडद्यापर्यंत पोचवणारं स्टार नावाचं प्रथिन कमी झालेलं असतं, पुढची विकरंही (एन्झाइम्स) मंदावलेली. शिवाय वृषणात ऑक्सिडीकरणाचा ताण. शुक्रजंतूच्या आवरणात असंतृप्त चरबी भरपूर असते, आणि अशी चरबी लवकर खवट होते. डब्यातल्या जुन्या शेंगदाण्यांचं होतं तेच.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर, आजारपण आणि मधुमेह यांत इथे पूर्ण फाळणी होत नाही. दुष्काळाचा तो निरोप हाच मधुमेहाचा एक भाग आहे.

---

शंकासुर | शनिवार, दुपारी ४:१०

पटलं. कारकून आणि साहेब वहीत लिहून घेतलं. पण "दोन्ही रेषा खाली" हे सगळ्या पेपरांत असतं का? मी दोन-तीन चाळले, एकात वृषणाचं वजन मधुमेहात *वाढलंय* असं कोष्टक आहे.

---

दांडियाबाजारवाली | शनिवार, सायंकाळी ६:००

हाहा, त्या कोष्टकात मीही पडले होते. कोष्टकाच्या डोक्यावर काय लिहिलंय बघा: १०० ग्रॅम शरीरवजनामागे. उंदीर ३०० ग्रॅमचा २०० वर आला, वृषण मात्र फारसं घटलं नाही (शरीर त्याला शेवटपर्यंत जपतं), की भागाकार करताच वृषण 'वाढलं'. कुणी म्हातारा वाळला की कान मोठे दिसतात, तसलाच प्रकार.

खरं बघायचं ते वीर्यकोश आणि प्रोस्टेटकडे. हे अवयव टेस्टोस्टेरॉनच्या जिवावर जगतात. पोट उघडल्याबरोबर कळायचं. निरोगी नराचे वीर्यकोश दोन वळणदार भरलेल्या शिंगांसारखे पांढरे, मधुमेह्याचे सुकलेल्या गवारीसारखे. संप्रेरक मोजायचं किट उघडायच्या आधीच निकाल डोळ्यांपुढे.

एफएसएचचे आकडे खरंच एकसारखे येत नाहीत, कुठे घटलेले, कुठे जैसे थे. आणि टेस्टोस्टेरॉनसुद्धा लहरी. ते ठोक्याठोक्याने येतं, एकाच पिंजऱ्यातल्या दोन भावांत कितीतरी पटींचा फरक. उंदराला पकडताना घाबरवलं तरी आकडा बदलतो. म्हणून रक्त रोज एकाच वेळी, एकाच माणसाने काढायचं. सहा उंदरांच्या गटावर मोठमोठे निष्कर्ष काढलेले पेपर दिसले की मी आधी चहा टाकते आणि मग वाचते.

आम्ही आरआयएने मोजायचो, रेडिओ-इम्युनो-अ‍ॅसे. ही पद्धत मुळात इन्शुलिन मोजायलाच शोधली होती. तिच्यासाठी रोझालिन यॅलो यांना १९७७ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी उरलेला अर्धा वाटा गियमँ आणि शॅली यांना, हायपोथॅलॅमसच्या संप्रेरकांसाठी. इन्शुलिन आणि जीएनआरएच एकाच व्यासपीठावर. आमच्या प्रोजेक्टचं मंगलाचरण मी यावरच लिहिलं होतं, सरांनी खोडलं.

---

मांडवीकर | शनिवार, रात्री ९:३०

मी पण बडोद्याचाच, वाडीत घर. आमच्या दुकानी येणारे अर्धे लोक जांभळाच्या बियांची पूड नाहीतर कारल्याचा रस घेतात. कमाटीबागेत सकाळी फिरायला जा, गेटपाशी हिरवे रस विकायला उभेच असतात. साखर उतरली की ताई म्हणतात ते सगळं आपोआप सुधारेलच ना? मग इंग्रजी गोळ्यांची कटकट कशाला?

---

दांडियाबाजारवाली | शनिवार, रात्री १०:०५

मांडवीकर, कारल्यावरून आठवलं. मधुमेही उंदरांची साखर कारल्याने उतरल्याचे पुष्कळ प्रयोग आहेत. आणि कारल्याच्या *बियांचा* अर्क दिल्यावर नर उंदरांचं शुक्रजंतू तयार होणंच मंदावलं, असेही प्रयोग आहेत! कडुनिंबाच्या पानांचंही तसंच. म्हणजे भाच्याला ज्या काळजीने रस पाजायचा, त्या काळजीचंच मूळ खणायचं. पंधरा दिवसांतून एकदा कारल्याची भाजी खाल्ल्याने काही होत नाही, घाबरू नका. उंदरांना दिलेला अर्क तीव्र असतो, रोज नळीने थेट जठरात घातलेला. पण म्हणूनच 'उंदरावर सिद्ध' या दोन शब्दांवर डबा विकत घेऊ नका, तो कुठल्याही बाजूला वळतो.

मामांनी चूर्ण मागवलंय, हे आज दुपारी कळलं. दोन डबे. एक माझ्या नवऱ्यासाठी, ज्याला मधुमेह नाही.

---

अवली_इंदूरी | शनिवार, रात्री १०:५०

तुम्ही बडोदेकर वरणात, कढीत, आमटीत गूळ घालणार आणि मग उंदरांना दोष देणार. आमच्याकडे पोह्यांवर जिलबी असते, पण ती निदान वेगळ्या पुडीत असते.

---

सासवडचा_स्टेथो | रविवार, सकाळी ७:२०

मी फिजिशियन आहे, माणसांची बाजू थोडी मांडतो.

टाइप २ च्या पुरुषांत ताईंनी सांगितलेलं 'साहेब झोपलाय' हे चित्र खरंच दिसतं. अमेरिकेतल्या बफेलो इथल्या एका गटाने २००४ मध्ये १०३ मधुमेही पुरुष तपासले. साधारण तिघांत एकाचं मुक्त (रक्तातल्या प्रथिनांना न बांधलेलं) टेस्टोस्टेरॉन कमी होतं, आणि एलएच वाढलेलं नव्हतं. पण कारण उंदरासारखं नाही. उंदीर वाळलेला, आमचा पेशंट पोट सुटलेला. चरबीच्या पेशी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात, चरबीतून निघणारे दाहकारक पदार्थ आणि इन्शुलिनला न जुमानणारा मेंदू हेही संशयित. एकाच्या घरात दुष्काळ, दुसऱ्याच्या घरात अजीर्ण, चूल दोन्हीकडे विझलेली.

दुसरी गोष्ट रिपोर्ट वाचताना महत्त्वाची. माणसाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन यकृतात तयार होतं. वजन जास्त आणि इन्शुलिनचा प्रतिरोध असेल तर ते घटतं, आणि मग *एकूण* टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, जरी मुक्त भाग ठीक असला तरी. प्रौढ उंदराच्या रक्तात हे प्रथिन नसतंच. म्हणजे उंदराचा आकडा आणि माणसाचा आकडा शेजारी ठेवून तुलना करायला मुळात सोय नाही.

तिसरी, माणसांत बऱ्याचदा अडचण संप्रेरकांपर्यंत जातच नाही. मधुमेहाने नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, ताठरता येत नाही. किंवा वीर्य बाहेर पडण्याऐवजी मागे मूत्राशयात जातं. तिथे शुक्रजंतू उत्तम असू शकतात, वाट चुकलेली असते. हे तपासता येतं आणि त्यावर उपाय आहेत.

---

नवा_आयडी_२ | रविवार, दुपारी १:१०

आज पहिल्यांदाच लिहितोय. वाचक बरीच वर्षं. माझी परिस्थिती साधारण ताईंच्या भाच्यासारखी आहे. (तो मी नाही, मी नाशिकचा.) जिममधल्या एकाने टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलंय. संप्रेरक कमी असेल तर ते बाहेरून घेतलं की प्रश्न सुटला, असं त्याचं म्हणणं. घ्यावं का?

---

सासवडचा_स्टेथो | रविवार, दुपारी १:२५

नाही. मूल हवं असेल तर तर अजिबातच नाही. जेवण टाकून लिहितोय.

टेस्टोस्टेरॉन बाहेरून आलं की मेंदूला वाटतं, माल भरपूर आहे. तो एलएच, एफएसएच बंद करतो. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असावं लागतं, तरच शुक्रजंतू तयार होतात. इंजेक्शनने रक्तातला आकडा छान दिसतो आणि आतलं कोरडं पडतं. हे इतकं हमखास होतं की जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन ते पुरुषांचं *गर्भनिरोधक* म्हणून चालतं का, याची चाचणी घेतली. १९९० मध्ये निकाल छापून आले. बऱ्याच जणांचे शुक्रजंतू शून्यावर गेले होते. थांबवल्यावर परत येतात, पण महिने जातात. जिमवाल्याला नमस्कार सांगा.

---

दांडियाबाजारवाली | रविवार, दुपारी ४:४५

डॉक्टर, आभार. नव्या आयडीला आणि माझ्या भाच्याला मला एकच गोष्ट सांगायची आहे, वेळेची.

शुक्रजंतू म्हणजे गिरणीत टाकला आणि पीठ झालं, असं नाही. उंदरात एका मूळ पेशीपासून तयार शुक्रजंतू व्हायला साधारण ५२ दिवस लागतात. वृषणातल्या नलिकांत दर १३ दिवसांनी (काटेकोर १२.९) नवी तुकडी सुरू होते, म्हणजे अशा चार फेऱ्या. मग अधिवृषणातून पुढे सरकत पोहायला शिकायला आणखी दहाएक दिवस. एकूण दोन महिने. माईसमध्ये ३५ दिवसांत वृषणातलं काम उरकतं, माणसात साधारण ७४. लब्लाँ आणि क्लेरमाँ यांनी १९५२ मध्ये उंदराच्या नलिकेच्या १४ पायऱ्या ठरवल्या. आम्हाला त्या स्लाइडवर पाहून ओळखाव्या लागत. मला अजूनही सातवी आणि आठवी स्वप्नात येतात.

याचा अर्थ असा की इंजेक्शननंतर १५ दिवसांनी उंदीर मारला तर अधिवृषणात जे मोजता ते मधुमेहाच्या *आधी* जन्माला घातलेले शुक्रजंतू असतात. ते मधुमेहात फक्त शेवटचा प्रवास करतात. १५ दिवसांत 'शुक्रजंतू निर्मितीवर परिणाम' असं शीर्षक देणाऱ्यांना मी फार मनावर घेत नाही. आणि उलट बाजूने, इन्शुलिन सुरू केल्यावर दोन आठवड्यांत सुधारणा दिसली नाही म्हणून हात टेकणंही चूक. तुकडी बदलायला वेळ द्यावाच लागतो. माणसाला साखर ताब्यात आल्यावर निदान तीन महिने. या महिन्याचा वाईट रिपोर्ट हा दोन-अडीच महिन्यांपूर्वीच्या साखरेचा फोटो आहे.

---

कमाटीबागेतलं_कासव | रविवार, रात्री ८:००

माहिती मोलाची आहे हे मान्य. पण तुम्ही सगळे किती सहज 'मारला', 'चिरायचा' लिहिताय. ज्या आजाराच्या गोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, त्यासाठी दरवर्षी एवढे जीव? माझ्या सासरी मुंगीसुद्धा फुंकर घालून बाजूला करतात. त्रास झाला वाचताना.

---

दांडियाबाजारवाली | रविवार, रात्री ११:५५

कासव, सहज नाही हो. एक गोष्ट लिहून टाकते, कुणाला सांगितलेली नाही.

स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर बीटा पेशी मरताना आतलं साठवलेलं सगळं इन्शुलिन एकदम बाहेर सांडतं. पाच-सहा तासांनी साखर भयंकर पडते. म्हणून त्या रात्री पिंजऱ्यांना साध्या पाण्याऐवजी ग्लुकोजचं पाणी लावायचं असतं. धनतेरसच्या आदल्या दिवशी मी दहा उंदरांना डोस दिला. पिंजरे धुणारे काका सुट्टीवर, घरी चकल्यांचं पीठ भिजलेलं, आईचा दोनदा निरोप. बाटल्या बदलायला विसरले. सकाळी सहा मेलेले होते, कुशीवर, पाय ताणलेले. पिवळे ठिपके तसेच. सर काही बोलले नाहीत, वहीत 'मृत्यू: ६, कारण: मानवी चूक' असं मलाच लिहायला लावलं. त्या दिवाळीत मी चकली खाल्ली नाही. चकलीचा काय दोष, पण नाही खाल्ली.

तेव्हा फार विचारणारं कुणी नव्हतं. प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा १९६० पासून होता, पण प्रयोगांचे नियम १९९८ मध्ये आले, त्यानंतर प्रत्येक संस्थेला प्राणी-नीतिसमिती, प्रत्येक प्रयोगाला परवानगीचा फॉर्म बी, किती उंदीर आणि तेवढेच का याचा हिशोब. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं. आणि तुमच्या मूळ मुद्द्याला माझा अर्धा होकार आहे. 'अमुक पानाचा अर्क, मधुमेही नर उंदीर, चार गट, प्रत्येकी सहा' अशा साच्यातून दरवर्षी निघणारे कित्येक पेपर झाले नसते तरी कुणाचं अडलं नसतं. पण किसपेप्टिनची गोष्ट उंदराशिवाय कळली नसती, अकिताचीही नाही. माझे सहा मात्र कशातच जमा झाले नाहीत.

---

कमाटीबागेतलं_कासव | सोमवार, सकाळी ६:४०

हं. लिहिलंत ते बरं केलंत.

---

काकडीची_कोशिंबीर | सोमवार, सकाळी ९:१५

वाचनखूण साठवली आहे. टाइप २ चे उंदीर नसतातच का मग?

---

दांडियाबाजारवाली | सोमवार, सकाळी १०:३०

असतात की. जपानचे गोटो-काकिझाकी उंदीर सडपातळ टाइप २ चे. लेप्टिन नसलेले ओबी-ओबी माईस लठ्ठ आणि वांझ. आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही लठ्ठ उंदरांची एक जात निघाली, तीही वांझ. शिवाय तुपकट खाऊ घालून थोडंसं स्ट्रेप्टोझोटोसिन देण्याची एक पद्धत, म्हणजे उंदराला आधी दोन महिने बडोद्यात ठेवायचं. (अवली, हे तुमच्यासाठी.)

भाच्याशी काल बोलले. धाग्याची लिंक दिली नाही, नुसतं ७४ दिवसांचं सांगितलं. तो म्हणाला, "आत्तापासून मोजू?"

---

नवा_आयडी_२ | मंगळवार, रात्री ९:५०

गुरुवारी सकाळी ८ ची वेळ घेतलीय. टेस्टोस्टेरॉन आणि वीर्य तपासणी दोन्ही. उपाशीपोटी जायचं का?

---

सासवडचा_स्टेथो | मंगळवार, रात्री १०:१०

हो, उपाशी आणि सकाळीच, तेव्हा पातळी सर्वांत वर असते. कमी आलं तर एकाच रिपोर्टवर विश्वास ठेवू नका, दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा करायचं. वीर्य तपासणीआधी २ ते ७ दिवसांचं अंतर हवं, ते पाळलंय का बघा, नाहीतर तेवढं पुढे ढकला. साखरेची सकाळची गोळी रक्त देईपर्यंत घ्यायची की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

---

मांडवीकर | मंगळवार, रात्री १०:३५

आणि रक्त देऊन झालं की भूक सडकून लागते. बडोद्यात असता तर सेव उसळ खायला नेलं असतं. तर्री जास्त, पाव कमी, म्हणजे मधुमेहाला चालते.

---

अवली_इंदूरी | मंगळवार, रात्री १०:४१

सेव उसळ म्हणजे मिसळच ना?

---

दांडियाबाजारवाली | मंगळवार, रात्री १०:४४

वेगळा धागा काढा.